दम खाणारी गाडी आणि घाईतले आपण

एक छोटासा सर्व्हे घेऊया. आपल्यापैकी कार्बोरेटरची आकृती किती जणांनी काढली आहे? मेकॅनिकलच्या सगळ्यांचे हात वर जाणार, कारण जर्नलमध्ये ती कंपल्सरी असते. (कुणाची बघून काढली, हे मी विचारत नाहीये!) आता दुसरा प्रश्न. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी पुढे जायच्या ऐवजी क्षणभर दम खात असेल, एक गचका देऊन मग पळत असेल, तर बिघाड नेमका कुठे आहे हे शोधून देणारे किती? आता बरेच हात खाली आले असतील.

हा लेख त्या खाली आलेल्या हातांबद्दल आहे. आणि वर्कशॉपच्या मागे, बदामाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीबद्दलही. ह्या टर्मला तिचं नाव डेड स्टॉकच्या यादीत आलं आहे. सिम्युलेशन लॅब वाढवायची आहे, म्हणून ती जागा रिकामी करायची, असं कळतं. पद्मिनी भंगारात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती दिसायला गोड आहे, फेस्टमध्ये तिच्यासमोर फोटो छान येतात, हे सगळं खरं, पण माझं कारण वेगळं आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझं मराठीही मधूनमधून मिसिंग करतं, तेवढं सांभाळून घ्या.

आधी बाईसाहेबांची ओळख करून देते, कारण होस्टेलमधल्या निम्म्या लोकांना ती कुठलीतरी परदेशी विंटेज कार वाटते. परदेशी म्हणाल तर मूळ इटलीचं, फियाट ११०० चं. पण बनली मात्र आपल्याकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट होती, मग प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर एकच कार्बोरेटर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटल्यावर डोळ्यासमोर येते ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओमध्ये रजिस्टर झाली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. म्हणजे आपल्या ज्युनियर्सना ती बघायची तर जुना हिंदी सिनेमा, नाहीतर आपलं बदामाचं झाड!

आता मूळ मुद्दा. गाडी दम का खाते?

पुस्तकात लिहिलेलं असतं की कार्बोरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोल जेटमधून ओढलं जातं. बर्नोली झिंदाबाद, आठ मार्क पक्के. पण ही गोष्ट इंजिन एका वेगाने निवांत चालत असतानाची आहे. तुम्ही ॲक्सिलरेटर एकदम दाबला की काय होतं? थ्रॉटल उघडतो आणि हवा लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्यात आणखी एक भानगड असते. इंजिन स्लोवर असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम चांगला असतो, त्यामुळे पेट्रोलची वाफ सहज होते. थ्रॉटल उघडल्याबरोबर तो व्हॅक्यूम कोसळतो, आणि पेट्रोलचा काही भाग वाफ न राहता मॅनिफोल्डच्या भिंतीला ओला थर होऊन चिकटतो. हवा सिलिंडरमध्ये पोचली, पेट्रोल भिंतीवरून सरपटत येतंय. तो क्षणभर सिलिंडरला उपाशी ठेवतो, आणि तोच तो गचका.

ह्याच्यावर जुन्या इंजिनिअर लोकांनी साधा उपाय केला होता. ॲक्सिलरेटरला जोडलेला एक छोटा पंप. पाय दाबला की तो पेट्रोलची एक पिचकारी सरळ गळ्यात मारतो आणि तेवढी वेळ निभावून नेतो. त्याचं नाव ॲक्सिलरेटर पंप. आपल्या जर्नलच्या आकृतीत तो उजव्या कोपऱ्यात असतो आणि निम्म्या जर्नल्समध्ये त्याला लेबल नसतं.

मग दम खाणाऱ्या गाडीत हा पंपच खराब असणार, असं वाटतं ना? तेच तर! कारण त्या एका गचक्यामागे निदान अर्धा डझन कारणं असू शकतात आणि ड्रायव्हरच्या सीटवर सगळी सारखीच वाटतात. पंपाचा डायफ्राम फाटलाय, पंपाचा जेट चोक झालाय, स्लोचा जेट चोक झालाय, फ्लोटची लेव्हल खाली गेलीय, कुठूनतरी फालतू हवा आत शिरतेय, टायमिंग मागे आहे, डेल्कोमधले पॉइंट जळलेत, प्लगचा गॅप गेलाय. ह्यातल्या शेवटच्या तीन गोष्टींचा कार्बोरेटरशी काही संबंधच नाही. तरी शिव्या कार्बोरेटरलाच पडतात.

गेल्या वर्षी टेक-फेस्टच्या आधी आपली पद्मिनी चालू करायची टूम निघाली होती, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. नवी बॅटरी आली, ताजं पेट्रोल आलं, आणि चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर बाई जागी झाली. टाळ्या, शिट्ट्या, व्हिडिओ सगळं झालं. पण रेस दिली की भक्ककन दम खायची, एकदोनदा तर बंदच पडली. लगेच बॉनेटभोवती तज्ज्ञांची सभा भरली. एक सीनियर म्हणाला कार्बोरेटर खोलून धुवा. दुसरा म्हणाला जुन्या गाड्यांचं ठरलेलंच असतं, नवीन कार्बोरेटर टाका. तिसऱ्याने टायमिंगवर बोट ठेवलं. चौथ्याने पेट्रोलमध्ये भेसळ आहे असं जाहीर केलं. कार्बोरेटर किटसाठी वर्गणी काढायची यादीसुद्धा तयार झाली. मला टॉर्च धरायचं काम होतं. (ब्रँचमध्ये मुली कमी असल्या की हे काम कुणाला मिळतं, ते सांगायला नको.) त्यामुळे पुढचं सगळं मला अगदी जवळून दिसलं.

वर्कशॉपचे मामा चहा संपवून आले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी एवढंच विचारलं, "कधी दम खाते? गार असताना का तापल्यावर? हळू दाबलं तरी खाते, का झटक्यात दाबल्यावरच?" सभेत शांतता. कुणी बघितलंच नव्हतं! मामा म्हणाले, "अरे पोरांनो, डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो. तुम्ही डायरेक्ट पोट फाडायला निघालात."

मग त्यांनी जे केलं ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. क्रमाने सांगते, कारण सगळी गंमत क्रमातच आहे.

पहिलं, इंजिन बंद करून एअर क्लीनर काढला. मला गळ्यात टॉर्च मारायला लावली आणि हाताने थ्रॉटल एकदा उघडला. पिचकारी लगेच आली, बारीक पण जोरदार. म्हणजे पंप चांगला, त्याचा जेट मोकळा आणि फ्लोटच्या भांड्यात पेट्रोलही आहे. ह्या एका मिनिटात अर्धे आरोपी सुटले. पिचकारी आलीच नसती, किंवा उशिरा किंवा तुटक आली असती, तर पंप खोलायचा. ती पूर्ण आल्यावर पंप खोलणं म्हणजे निर्दोष माणसाची झडती घेणं.

दुसरं, करंटची बाजू. प्लग काढून रंग बघितला. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. आपले चारही प्लग पांढरट होते. डेल्कोचं झाकण उघडून पॉइंट बघितले, फीलर गेजने गॅप मोजला, टायमिंगची खूण जुळवून बघितली. सगळं जागेवर.

तिसरं, चोकची टेस्ट. हिला एक पैसाही लागत नाही. गरम इंजिनवर चोक थोडासा ओढला आणि रेस दिली. गचका निम्म्याहून कमी झाला! म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त होतेय. चोक ओढल्यावर गचका वाढला असता, तर उलट दिशेला शोधायचं.

चौथं, मामांनी कान दिला आणि म्हणाले, "हिचा स्लो कुणीतरी वाढवून ठेवलाय." स्लोचा स्क्रू जागेवर आणल्याबरोबर इंजिन थरथरायला लागलं. म्हणजे आजार जुना होता, कुणीतरी स्क्रू पिळून तो झाकून ठेवला होता. मग त्यांनी साबणाच्या पाण्याचे थेंब कार्बोरेटरच्या बुडाशी सोडले. एका कोपऱ्यात ते थेंब सुर्रकन आत ओढले गेले आणि इंजिनचा आवाज बदलला. सापडला चोर! कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधलं पॅकिंग तिथे हवा घेत होतं.

कार्बोरेटर काढल्यावर दिसलं की नट एका बाजूने जास्त आवळल्यामुळे त्याची फ्लँज किंचित वाकली होती. सरफेस प्लेटवर मार्किंग ब्ल्यू लावून तपासलं, तर एका कोपऱ्याला रंगच लागला नाही. फर्स्ट इयरच्या फिटिंगमध्ये आपण जे "हे कशाला करायचं" म्हणत करतो, ते हेच. काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज सपाट केली, पॅकिंगच्या शीटमधून नवीन पॅकिंग कापलं आणि नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे करत आवळले. गाडीने रेस घेतली ती रबर तुटल्यासारखी! वर्गणीची यादी तशीच राहिली.

आता माझं मत सांगते. चार वर्षांत आपल्याला भरपूर उत्तरं मिळतात, पण प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे हे कुठल्याच पेपरात येत नाही. लॅबमध्ये सेट-अप चालू केलेला असतो, आपण रीडिंग घेतो, ग्राफ सरळ येतो (न आल्यास आणतो!), ओरल होते, विषय संपतो. बिघडलेली वस्तू आपल्यासमोर कधीच ठेवली जात नाही. आणि पुढे नोकरीत आपल्यासमोर रोज बिघडलेलीच वस्तू येणार आहे. चांगली चालणारी मशीन दाखवायला कुणी इंजिनिअरला बोलावत नाही.

"अगं, पण कार्बोरेटर गेला की आता," असं माझे कॉम्प्युटरचे मित्र म्हणतात. बरोबर आहे. नव्या पेट्रोल कारमधून तो कधीच गेला, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही गेला. पण गचक्याचं मूळ कारण कुठे गेलं? इंजेक्शनच्या गाडीतही पेट्रोल पोर्टच्या भिंतीला चिकटतंच. फक्त आता थ्रॉटलचा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की पाय झटक्यात पडलाय, आणि कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. पंपाचं काम प्रोग्रामच्या ओळी करतात. ज्याने ती पिचकारी टॉर्चच्या उजेडात बघितली आहे, त्याला तो प्रोग्राम कशासाठी लिहिलाय हे वेगळं समजवावं लागणार नाही.

"आता स्कॅनर लावला की कोड येतो," हे दुसरं वाक्य. येतो ना. आपल्या पद्मिनीला झालेलाच आजार नव्या गाडीला झाला, म्हणजे इनटेकला कुठून हवा शिरली, तर स्कॅनरवर पी-०१७१ असा कोड येऊ शकतो. त्याचा अर्थ इतकाच की मिश्रणात पेट्रोल कमी आहे. का कमी आहे, हे तो सांगत नाही. तिथे क्रम माहीत नसलेला माणूस आधी ऑक्सिजन सेन्सर बदलतो, मग इंजेक्टर, मग पंप. सगळं बदलून झाल्यावर कधीतरी एक फाटलेला पाइप सापडतो. बिल अर्थात गाडीवाला भरतो.

आणि कार्बोरेटर सगळीकडून गेलाय असंही नाही. होस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. सेकंडहँड घेतलेल्या २०२० च्या आधीच्या बाइक्स मोजा. गावाकडे पेट्रोलवर चालणारे फवारणीचे पंप, गवत कापायची मशीन, लग्नातले छोटे जनरेटर, बहुतेकांवर कार्बोरेटरच बसलेला असतो. आपल्यातले कितीतरी जण अशाच घरांतून आलेत. इंजिनिअर होणारा मुलगा घरी गेल्यावर फवारणीचा पंप का दम खातो हे सांगू शकला, तर वडिलांना त्याच्या डिग्रीचा जो आनंद होईल तो प्लेसमेंटच्या ई-मेलपेक्षा कमी नसेल.

ह्यात एक ताजा विषयही आहे. आता पंपावर आपल्याला २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक किलो साध्या पेट्रोलला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. हिशेब केला तर ई-२० ला सुमारे १३.५ किलो पुरते. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल वाढवून घेते. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतलं एक ठराविक भोक, त्याला काय कळणार? तो जुन्या मापानेच देत राहतो आणि मिश्रण साधारण आठ-नऊ टक्क्यांनी पातळ होतं. म्हणजे आधीच काठावर असलेली गाडी आणखी दम खाणार. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुन्या रबराचे डायफ्राम आणि पाइप त्यात टिकतीलच असं नाही. किती जेट वाढवायचा, हा मस्त प्रयोग आहे! सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ चा १३० केला तर व्यास ४ टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ ८ टक्क्यांहून थोडं जास्त. म्हणूनच मामा जेटमध्ये तार घालणाऱ्या मुलांवर ओरडतात. हवा मारून साफ करायचा, तार घातली की माप गेलं. हा सगळा अभ्यास करायला आपल्याकडे चालू स्थितीतली गाडी आहे, आणि आपण ती किलोच्या भावाने विकणार?

सिम्युलेशन लॅबला माझा विरोध नाही. उलट ती हवीच, आणि तिथे एसी असल्याने मी पहिली जाऊन बसेन. पण सिम्युलेशनमध्ये आपण जे कारण टाकतो तेवढंच असतं. कुणीतरी स्लो वाढवून आजार लपवलाय, नट एका बाजूने आवळलाय, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? दोन्ही लॅब हव्यात. जागेचा प्रश्न असेल तर पद्मिनी सायकल स्टँडच्या टोकाला पत्र्याच्या शेडखाली उभी राहील. ती रस्त्यावर जाणारच नाही, त्यामुळे पासिंग, इन्शुरन्स असलं काही लागणार नाही.

आता नुसतं मत मांडून पळून जाणं बरं नाही, म्हणून डिपार्टमेंटला नम्रपणे एक सूचना. टी. ई. च्या टर्मवर्कमध्ये एकच प्रॅक्टिकल असं ठेवावं की सरांनी किंवा मामांनी गाडीत गुपचूप एक बिघाड करून ठेवायचा. कधी पंपाची कडी काढायची, कधी प्लगचा गॅप दाबायचा, कधी व्हॅक्यूमचा पाइप सैल करायचा, कधी पॉइंटचा गॅप बिघडवायचा. बॅचला एक तास आणि एक कोरा कागद. नियम तीन. पान्याला हात लावण्याआधी संशय लिहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक टेस्टनंतर कोण सुटलं आणि कोण राहिलं ते लिहायचं. मार्क क्रमाला द्यावेत, गाडी चालू झाली की नाही ह्याला कमी. असं जर्नल बघून काढता येणार नाही, कारण पुढच्या बॅचला वेगळा बिघाड असेल! खर्च म्हणजे बॅटरी चार्ज ठेवणं, थोडं पेट्रोल, पॅकिंग शीट. आणि शेजारी आग विझवायचं सिलिंडर पाहिजेच, कारण उघड्या कार्बोरेटरजवळ पेट्रोलची वाफ असते.

एक गोष्ट मात्र घाई करण्यासारखी आहे. मामा येत्या जूनमध्ये रिटायर होतायत. त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्या कानात आणि बोटांत जे आहे ते ह्या एका वर्षात आपल्या वहीत उतरलं तर उतरलं. गाडी आधी गेली तर मामा शिकवणार कशावर, आणि मामा आधी गेले तर गाडीला विचारणार कोण?

डेड स्टॉकच्या यादीवर अजून शेवटची सही व्हायची आहे असं ऐकते. ज्यांना हे पटतंय त्यांच्यासाठी वर्कशॉपच्या नोटीस बोर्डशेजारी एक अर्ज लावला आहे. त्यावर सही करायला मेकॅनिकलचं असण्याची अट नाही, स्टाफचंही स्वागत आहे. वाचा, पटला तर सही करा. नाही पटला तर शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये या आणि माझ्याशी भांडा. मामा तेव्हा असतात, चहाही असतो.

— टी. ई. मेकॅनिकल, लेडीज होस्टेल